आठव्या दिवसाची मोजणी

२६ ऑक्टोबर २०२५, रविवार

आज मला गल्ली समितीची सचिव केलं. कारण विचारलं तर बद्रीकाका म्हणाले, "तुझं अक्षर चांगलं आहे." मला नाही म्हणायचं होतं. त्यासाठी जे वाक्य मनात जुळवत होते ते जुळेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या.

काम एकच आहे. आमची गल्ली कायमची बंद करायची की नाही, ते ठरवायचं. गल्लीचं एक टोक पुंडलिकनगरच्या मोठ्या रस्त्याला आणि दुसरं नाल्यावरच्या छोट्या पुलाला लागतं. पुलापलीकडं गुंठेवारीची, म्हणजे गुंठा-गुंठा जागा घेऊन वाढलेली वस्ती, आणि वस्तीतून पुढं गेलं की दुसरा मोठा रस्ता. दोन वर्षांपूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की इथून गेलं तर चौकातला सिग्नल टळतो. तेव्हापासून मोटारसायकली सुसाट. पुलाच्या तोंडाशी भिंत घालावी, असं बद्रीकाकांचं म्हणणं आहे. त्यांचं मेडिकलचं दुकान मोठ्या रस्त्यावर आहे आणि घर आमच्या समोर.

भिंतीचा विषय निघाला तो बाबांमुळं. १९ ऑगस्टला आमच्या फाटकासमोर एका मोटारसायकलनं त्यांना उडवलं. खुब्याचं हाड मोडलं. चालवणारा थांबलाही नाही. ऑपरेशन चांगलं झालं, डॉक्टर म्हणतात वॉकर घेऊन गल्लीत फिरा. बाबा रोज सकाळी फाटकापर्यंत जातात, कडीला हात लावतात आणि परत येतात. पूर्वी ते चालत गजानन महाराज मंदिरापर्यंत जायचे, येताना माझ्यासाठी चाफ्याचं एक फूल. परवा म्हणाले, "भिंत झाली की जाईन."

मोजणाऱ्यानं निकाल आधी मनात धरू नये. माझ्या मनात तो आहे. मला भिंत हवी आहे. इथं लिहून ठेवते.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अर्जासोबत आठवडाभराची रहदारी मोजून जोडा, असं प्रभाग कार्यालयातल्या बाईंनी सांगितलं. मी नवी वही आणली आणि पानांच्या मधोमध उभी रेघ मारली. ही सवय बाबांची.

बाबा भूमी अभिलेख खात्यात होते, जमिनी मोजायचे. दर दोन वर्षांनी बदली आणि मला लहानपणी दमा, त्यामुळं चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. संध्याकाळी कचेरीतून आले की बाबा ओट्यावर बसून शिकवायचे. डावीकडं 'दिसलं', उजवीकडं 'वाटलं'. एकदा मी डावीकडं 'कुत्रा रागावला' लिहिलं. त्यांनी खोडलं. "कुत्रा भुंकला. रागावला हे तुला वाटलं. पलीकडं लिही." मी सहा वर्षांची होते. अजूनही कुणी माझ्यावर रागावलंय असं वाटलं की ते उजवीकडं टाकते. फार फरक पडत नाही, पण टाकते.

दुसरा नियम त्यांच्या नोकरीतला. शेत मोजायचं तर आधी लगतच्या सगळ्या खातेदारांना नोटीस. नोटीस नसेल तर बाबा जागेवरून परत यायचे, मालकानं कितीही चहा पाजला तरी. म्हणून मी आज विचारलं, "बाबा, पुलापलीकडच्या लोकांना कळवायचं का?"

ते थोडा वेळ पेपर वाचत राहिले. "ती शेतं होती. हा रस्ता आहे."

बरोबर असेल. पण त्यांनी पेपर उलटा तर धरला नव्हता ना, म्हणून मी पाहिलं. नव्हता.

१ नोव्हेंबर, शनिवार

मी म्हटलं, उद्यापासून मोजते. बाबा वॉकर घेऊन स्वयंपाकघरात गेले. तिथं फ्रिजशेजारी कॅलेंडर आहे. आई त्यावर दुधाचे खाडे लिहिते आणि पाण्याच्या दिवसांना निळे गोल करते. नळाला पाणी दर आठ दिवसांनी येतं, गोल चुकला तर घर कोरडं. बाबा तिथं बराच वेळ उभे होते. चष्मा पुसला, परत पाहिलं. मग येऊन म्हणाले, "सोमवार तीन ते रविवार नऊ. उद्या नको."

"उद्या का नको?"

"आठवडा सोमवारी सुरू होतो."

असल्या बाबतीत बाबांना सगळं नीटनेटकं लागतं. मलाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पाणी आलं. दिवस त्यातच गेला. नेहमीप्रमाणं मी मागं हौदापाशी मोटर आणि नळी घेऊन, आई पुढच्या नळावर.

३ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सहा ते रात्री आठ ओट्यावर खुर्ची टाकून बसले. इथून पूल सरळ दिसतो, साठ-सत्तर पावलांवर. पूल ओलांडणारं प्रत्येक वाहन, प्रत्येक माणूस. वकिलांच्या टायपिंगचं काम आठवडाभर पुढं ढकललंय. जेवताना आई बसली. तिनं मोजलेले आकडे मी वेगळ्या शाईनं लिहिले, कारण ते माझे नाहीत.

दुचाकी ११८६. त्यातल्या आपल्या गल्लीतल्या ९४. चारचाकी ६१. पायी ७२. हातगाडी १.

दुपारी दोन मोटारसायकली शर्यत लावून गेल्या. बाबा आत झोपले होते. आवाज आला तसा त्यांचा हात पलंगाच्या कडेवर घट्ट आवळला. डोळे मिटलेलेच होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

आवडाबाई पुलापलीकडं राहतात. आमच्याकडं आणि आणखी दोन घरी पोळ्या-भाकरी करतात, म्हणजे दिवसातून चार वेळा पूल ओलांडतात. आज थांबल्या.

"काय लिव्हायलात ताई, तीन दिस झालं? परीक्षा हाय का?"

"रहदारी मोजतेय."

"मग मला लिव्हलं का?"

"हो. पायीमध्ये. आज तीन वेळा."

"चौथी बी लिव्हून टाका आत्ताच. लई पाय दुखायलेत, सांजच्याला परत गेले नाय तरी हजेरी लागंल." आणि हसत आत गेल्या.

कशासाठी मोजतेय ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. न विचारलेलं न सांगणं म्हणजे लपवणं का? उजवीकडं लिहिलं.

संध्याकाळी त्या परत गेल्या, तेव्हाच चौथी लिहिली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज बाबा तासभर माझ्याजवळ बसले. मी बेरजा दाखवल्या. ते खूश दिसले, निदान त्यांनी आल्याचा चहा मागितला. मग एक गाडी कर्कश हॉर्न वाजवत फाटकासमोरून गेली आणि कपातला चहा बशीत सांडला. आम्ही दोघांनी तिकडं पाहिलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाले, "मंदिराजवळचा तो चाफा तोडला नसेल ना गं?"

"भिंत झाली की बघून या."

"हं."

त्यांचं वय एकोणसत्तर. मोजणीच्या काळात दिवसाला बारा-बारा किलोमीटर शेतं तुडवलेला माणूस. त्यांना फाटकाची कडी उघडता यावी, इतकंच मला हवंय.

९ नोव्हेंबर, रविवार

सात दिवस पूर्ण. दुचाकी रोज सरासरी ११४०, त्यातल्या दर बारापैकी अकरा बाहेरच्या. पायी रोज सत्तरच्या आसपास. हातगाड्या आठवडाभरात पाच.

अहवाल सुवाच्य अक्षरात लिहिला. 'पलीकडच्या रहिवाशांना मोठ्या रस्त्यानं जाण्याचा पर्याय आहे (दोन किलोमीटर). हातगाड्यांची ये-जा नगण्य आहे.' नगण्य हा शब्द मला आवडला. बाबांना वाचून दाखवला, ते "हं" म्हणाले. संध्याकाळी अहवाल बद्रीकाकांकडं दिला. पुढच्या रविवारी बैठक, मतदान, आणि सोमवारी अर्ज.

उद्या पाण्याचा दिवस, आणि आई घरी नाही. कार्तिकातला सोमवार म्हणून मावशीनं वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनाला गाडी ठरवली आहे. पाण्याच्या दिवशी आई कधी घर सोडत नाही, म्हणून मला सूचनाच सूचना. "हौद शेजारच्या पोराला बघू दे. तू पुढच्या नळावर थांब. आवडाबाईला आधी सोड, मग बाकीच्यांना."

बाकीच्यांना म्हणजे कुणाला, हे विचारायचं राहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

सगळं क्रमानं लिहायचा प्रयत्न करते.

पाणी अकरा वीसला आलं. मी फाटक उघडलं तर बाहेर आवडाबाई उभ्या, हातगाडीवर चार निळे ड्रम. त्यांच्यामागं आणखी एक हातगाडी. तिच्यामागं आणखी. पुलापर्यंत रांग, आणि पुलावरही. सायकलींना दोन्हीकडं कॅन बांधलेले. बायकांच्या कडेवर कळशा. शाळेच्या गणवेशातल्या दोन मुली, दोघींत मिळून एक बादली.

ड्रमांवर पांढऱ्या रंगानं नावं होती. मला वाटलं मालकांची असतील. मग आवडाबाईंच्या चारही ड्रमांवर वाचलं: 'चौसाळकर'. म्हणजे आम्ही. जिथून पाणी भरायचं त्या घराचं नाव. पुढच्या गाडीवर 'मुळे मेडिकल'. बद्रीकाकांच्या घराचा नळही उघडा होता आणि काकू साडी खोचून नळी धरून उभ्या होत्या. गल्लीतल्या अठरा घरांपैकी अकरा घरांसमोर गाड्या होत्या.

इतकी वर्षं मी मागं हौदापाशी असते. वस्तीत नळ नाही म्हणून आवडाबाई पाणी नेतात हे मला माहीत होतं. माझ्या डोक्यात ते पाणी होतं, रहदारी नव्हती.

मी नळी धरली. आवडाबाई ड्रम भरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भित घालायलेत म्हनं पुलापाशी."

"कुणी सांगितलं?"

"आमच्या मालकालाच इचारलं की तुमच्या बद्रीशेटनं. गवंडी हाय ना त्यो. म्हनले, फकिरा, चांगली दणकट बांध, एका दिसात." दुसरा ड्रम भरला. "त्यो घरी येऊन हसायला, हसायला अन् मग जेवलाच नाय. आपल्याच वाटंवर आपूनच भित घालायची, अन् मजुरी बी घ्यायची."

"मोठ्या रस्त्यानं येता येईल," मी म्हटलं. अहवालातलं वाक्य होतं ते.

"व्हय, येता येईल की. भरल्या गाडीनं दोन किलोमीटर, त्यो चढ चढून. तुम्ही एकदा ढकलून बघा, एकच ड्रम देते." चिडल्या नव्हत्या. थट्टेनंच म्हणाल्या. "तवर पानी जातंय बघा. तास-सवा तास तर येतं. भितीवरून गाडी कशी न्यायची, ते बी लिव्हा त्या वहीत. लई मोठी हाय वही."

बारा पस्तीसला पाणी गेलं. रिकाम्या हातानं परत गेलेल्या दोन गाड्या. मी मोजत होते हे मला नंतर कळलं. भरलेल्या गाड्यांच्या फेऱ्या सदतीस. कॅन आणि कळश्यांवाले ऐंशीनंतर सोडून दिले.

आठवडाभरात हातगाड्या पाच. आठव्या दिवशी, सव्वा तासात, सदतीस.

मी सात दिवस मोजले. या शहरात आठवडा आठ दिवसांचा असतो आणि मी सात मोजले.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बाबांना सगळं सांगितलं. वाटलं होतं ते लगेच म्हणतील, दुरुस्ती कर. ते खिडकीबाहेर बघत होते.

"अहवाल दिलास ना?"

"दिला. पण तो चुकीचा आहे."

"सात दिवस सांगितले होते. सात दिवस तू मोजलेस. एक तरी आकडा खोटा आहे का त्यात?"

"नाही."

"मग?"

बाबांनी मला असं कधीच उत्तर दिलं नव्हतं. मला वाटतं त्यांना वेदना होत असाव्यात, थंडी सुरू झाली की खुबा ठणकतो. गरम पाण्याची पिशवी दिली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बद्रीकाका आणि ऋतुराज आले. ऋतुराज आमच्यापासून दोन घरं सोडून राहणारा, आम्ही इथं आलो तेव्हापासूनचा माझा मित्र, नुकतीच गाडी घेतलेला. भिंत झाली की तिच्या आडोशाला त्याची गाडी लागणार, हे त्यानं कधी लपवलेलं नाही.

मी म्हटलं, मला अहवाल परत हवा.

बद्रीकाका म्हणाले, "अगं बाई, पाणी काय रोज येतं का? महिन्यातून चार दिवसांसाठी बाकीचे सव्वीस दिवस लोकांनी हाडं मोडून घ्यायची?"

"काका, काकूसुद्धा पाणी देतात. ड्रमवर तुमच्या दुकानाचं नाव आहे."

काका खुर्चीतून पुढं झुकले. "आमच्या? मला कुणी सांगितलंच नाही."

"तुम्ही दुकानात असता."

"बघा," ऋतुराज म्हणाला, "घरोघरी भूमिगत कारवाया चालू आहेत. वैदू, तू सेक्रेटरी आहेस, न्यायाधीश नाहीस. तुझ्या बाबांच्या जागी माझे बाबा असते ना, तर मी पुलावर भिंत नाही, किल्ला बांधला असता."

तो चुकीचं बोलत नाही. ११४० हाही आकडा खराच आहे.

ते गेल्यावर आई भांडी लावत होती. म्हणाली, "तीन तारखेपासून मोजायचं, हे कुणी काढून दिलं तुला?"

"बाबांनी. पण पाण्याच्या दिवसाचं मी लक्षात ठेवायला हवं होतं. वहीला जबाबदार मी आहे."

आईनं कॅलेंडरकडं पाहिलं, मग आतल्या खोलीकडं. पातेलं जरा जोरात ठेवलं. तीही माझ्यावर नाराज असावी. उजवीकडं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

नोटिसा लिहिल्या. कार्बन नव्हता, त्यामुळं वीस वेळा हातानं. 'रविवार दि. १६ रोजी सकाळी साडेनऊ वाजता पुलाच्या अलीकडे लिंबाखाली बैठक आहे. विषय: गल्ली कायमची बंद करावी किंवा नाही. आपण लगतचे रहिवासी असल्याने आपले म्हणणे मांडावे.' बाबांच्या जुन्या नोटिसांसारखीच भाषा वापरली. समितीनं मला हा अधिकार दिलेला नाही, तेही खाली लिहिलं.

आणि पूल ओलांडला. सव्वीस वर्षांच्या आयुष्यात, त्यातली अकरा या गल्लीत, पहिल्यांदा. तेवीस पावलं आहेत.

आवडाबाईंच्या दारात त्यांचे मालक फकिरा थापी धूत बसले होते. त्यांनी नोटीस दोन्ही बाजूंनी पाहिली. "ताई, हे कागद भितीच्या आधी द्यायचे असतेत का नंतर?"

"आधी."

"मग बरंय." त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली. "येतो. थापी आनू का राहू देऊ?"

परत आले तेव्हा बाबा ओट्यावर होते. माझ्या हातात उरलेली एक नोटीस होती. त्यांनी मागून घेतली आणि वाचली. 'लगतचे' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं. मी विचारलं, भाषा चुकली का? म्हणाले, "नाही. बरोबर आहे." नोटीस परत दिली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

बैठकीहून आल्या आल्या लिहितेय. अक्षराबद्दल क्षमा.

लिंबाखाली बद्रीकाकांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, आमच्या अठरा घरांपुरत्या. पुलावरून तीसेक माणसं आली आणि उभी राहिली. कुणी बसा म्हटलं नाही, कारण खुर्च्या नव्हत्या. ऋतुराजनं स्वतःची खुर्ची एका म्हाताऱ्या बाईंना दिली. हेही लिहायला हवं.

बद्रीकाकांनी माझा अहवाल वाचला. माझी वाक्यं त्यांच्या आवाजात फार पक्की वाटत होती. 'नगण्य' आलं तेव्हा मी खाली बघत होते.

मग मी उभी राहिले. "हा अहवाल अपुरा आहे. पाण्याचा दिवस त्यात नाही. ती चूक माझी आहे." मी सदतीसचा आकडा सांगितला. आवाज इतका बारीक निघाला की फकिरा मागून म्हणाले, "जरा मोठ्यानं, ताई, आमच्यापस्तोर पोचंना." दुसऱ्यांदा सांगितला.

"चूक कसली?" मागच्या ओळीतून कुणीतरी म्हणालं. "हिला आत्ता पुळका आला. बापाचा पाय मोडला त्याचं काही नाही."

तेवढ्यात वॉकरचा आवाज आला. ठक, मग पाऊल, मग पाऊल. ठक.

बाबा फाटकाबाहेर होते. आई त्यांच्यामागं दोन पावलांवर, हात पुढं न करता. साठ-सत्तर पावलं त्यांनी किती वेळात कापली ते मला सांगता येणार नाही, मी मोजलं नाही. मध्येच पुलावरून एक मोटारसायकल आली. बाबा जागच्या जागी थांबले. गर्दी बघून गाडी हळू झाली आणि त्यांच्या बाजूनं निघून गेली. ते परत चालू लागले.

आवडाबाईंनी कुणाची तरी खुर्ची ओढली. "बसा, साहेब."

बाबा बसले नाहीत. त्यांनी खिशातून माझी नोटीस काढली.

"ही मोजणी रद्द धरा. लगतच्यांना नोटीस नव्हती. नोटीस नसताना केलेली मोजणी मी नोकरीत कधी धरली नाही." थोडा श्वास घेतला. "आणि तारीख वैदेहीनं काढलेली नाही. मी काढली. कॅलेंडरवर पाण्याचे गोल बघून, दोन गोलांच्या मधले सात दिवस काढले. मला भिंत हवी होती. भीती वाटते म्हणून हवी होती. अजून वाटते."

बद्रीकाकांनी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

मतदान झालं. भिंतीच्या बाजूनं सात घरं, विरुद्ध अकरा. बद्रीकाकांनी हात वर केला नाही, म्हणजे विरुद्ध धरला. मागून काकू म्हणाल्या, "आता घरी या."

पण अकराशे चाळीस गाड्यांचं काय, हा प्रश्न उरलाच होता. ऋतुराजनं तो मोठ्यानं विचारला, आणि बरोबर विचारला. तेव्हा फकिरा पुढं आले. पुलाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवायचे, मध्ये हातगाडी निघेल एवढीच फट. मोटारसायकलवाल्याला निघता येईल, पण पाय टेकवत. अलीकडं दोन उंचवटे. कामाचे पैसे नकोत, सामान दोन्हीकडच्यांनी मिळून आणू.

"हातगाडीची रुंदी किती?" बाबांनी विचारलं.

"आसंल की तीन-साडेतीन फूट."

"असेल नाही. गाडी आणा."

गाडी आली. बाबांनी सदऱ्याच्या खिशातून टेप काढला. तो त्यांनी घरून घेतला होता. एक टोक आवडाबाईंच्या हातात दिलं. आकडा वाचला, लांबून पुन्हा वाचला आणि माझ्याकडं वळले. "लिही. चाकाच्या आसासकट. तीन फूट चार इंच."

मी लिहिलं. डावीकडं.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रस्ता बंद होणार नाही, हे ठरलं. मला बरं वाटतंय आणि वाईटही. गाड्या कमी होतील, थांबणार नाहीत. बाबांना पूर्ण सुरक्षित रस्ता मी देऊ शकले असते, तो दिला नाही.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. सगळ्यांसमोर माझी चूक बाबांनी स्वतःच्या अंगावर घेतली. गोल बघून तारीख काढली म्हणे! बाबा असं करूच शकत नाहीत. कुत्रा रागावला हे वाक्यही चालवून न घेणारा माणूस. मागच्या ओळीतून मला बोलले, ते त्यांना सहन झालं नाही, म्हणून. मला त्यांचं प्रेम कळतं, पण माझ्यासाठी त्यांनी खोटं बोलावं हे मला आवडलं नाही.

वहीत उजवीकडं लिहिलं: 'बाबांनी माझी चूक आपली म्हणून सांगितली.'

१८ नोव्हेंबर, मंगळवार. पाण्याचा दिवस

सकाळी बाबांनी फाटकाबाहेर खुर्ची टाकायला सांगितली. फाटकाबाहेर, आत नाही. नवी मोजणी करायची, सोळा दिवसांची, म्हणजे पाण्याचे दोन दिवस येतील. खांब कुठं लावायचे ते त्यावरून ठरेल. पुलापलीकडून आवडाबाईंची नात प्रेरणा मोजणार आहे, इकडून आम्ही.

वही हातात घेऊन त्यांनी मागची पानं चाळली. कालच्या ओळीशी थांबले.

"हे इथं नाही," ते म्हणाले. "हे खोड. डावीकडं लिही. तारीख बाबांनी काढली."

"बाबा, राहू द्या ना. मला कळतंय तुम्ही का म्हणालात."

"वैदेही." पूर्ण नाव ते फक्त शिकवताना घ्यायचे. "तू तिथं होतीस. मी कॅलेंडरपाशी उभा होतो. तुला दिसलं होतं. दिसलेलं डावीकडं जातं."

आई फाटकात उभी राहून ऐकत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि मान हलवली, लिही म्हणून.

मी उजवीकडची ओळ खोडली आणि डावीकडं लिहिलं. मला अजून पटलेलं नाही. त्यांच्या समाधानासाठी लिहिलं.

त्यांनी ती ओळ वाचली, दोनदा, आणि खुर्चीत सैल होऊन बसले. एक मोटारसायकल गेली. त्यांचा हात खुर्चीच्या दांडीवर आवळला आणि सुटला. आत आईनं नळ सोडल्याचा आवाज आला. पुलावर आवडाबाईंची गाडी दिसली, चार ड्रम, चौसाळकर.

"लिही," बाबा म्हणाले. "एक."